चंदगडच्या म्हशी

उत्तर आलं तेव्हा नृसिंहचा एक पाय चपलेत गेला होता आणि दुसरा अजून खोलीतल्या गार फरशीवर होता. चार वर्षांची सवय. मशीनला मोजायला लावायचं, बटण दाबायचं, उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला पायात सरकवायच्या आणि जिना उतरून कोल्हापूरच्या शाहूपुरीत नाहीसं व्हायचं. वर मशीन घरघरत मोजत बसायचं. खाली नृसिंह चहा घ्यायचा, कुणाच्या तरी स्कूटरचा प्लग सैल करून ठेवायचा, गुळाच्या दोन दलालांना एकमेकांविषयी न बोललेलं सांगून यायचा, आणि हे सगळं यथासांग आटपून वर आला की पडद्यावर हिरवा आकडा उगवलेला असायचा. आज मागून पद्मजाचा आवाज आला, "आलं सर उत्तर," आणि कशाचं उत्तर हेच त्याला कळेना. तो एका चपलेवर वळला. करवीर तालुक्यातल्या जिवंत म्हशींचा आकडा पडद्यावर येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्याखाली तो हिरवा ठिपका लुकलुकत होता, पुढचं बोला म्हणून. घातलेली चप्पल काढावी की दुसरी घालावी हे नृसिंहला ठरवता येईना. 

म्हशींचा हा कारभार बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो हसेल, आणि हसावं अशीच नृसिंहची इच्छा असे. हिरण्यकेशी पशुपालक सहकारी संघ. सभासदाच्या प्रत्येक म्हशीच्या कानात ॲल्युमिनियमचा बिल्ला, आणि प्रत्येक बिल्ल्याची मशीनमध्ये एक ओळ. मालक कोण, गाव कुठलं, तालुका कुठला, वेत कितवं, शिंगं कशी, आणि शेवटच्या खणात जिवंत का मयत. अशा लाखभर ओळी. म्हैस मेली की गावच्या सेक्रेटरीनं तिच्या कानातला बिल्ला काढून शाहूपुरीला पाठवायचा, मग इथं कुणीतरी 'जिवंत' पुसून 'मयत' करायचं, आणि बिल्ला भिंतीवरच्या लाकडी फडताळात तालुक्याच्या खणात टाकायचा. पन्हाळ्याचा खण भरून वाहत असे. कागलचा खण उघडला की भिकाऱ्याच्या वाडग्यासारखा वाजे. चंदगडचा खण तेवढा रिकामा, म्हणून शिपाई त्यात चहाच्या साखरेची बरणी ठेवायचा. हा संघ चालवणारे चेअरमन अण्णासो; त्यांना स्वतःच्या नातवंडांची नावं ओळीनं सांगता येत नसत, पण जिल्ह्यातली म्हैस न् म्हैस मोजलेली पाहिजे. हे कॉम्प्युटरचं मशीन घेतलं तेही व्याह्याच्या संस्थेत आलं म्हणून. आलं तेव्हा त्याची पूजा झाली, अण्णासोंनी चिमूटभर कुंकू थेट बटणांवर वाहिलं, ते आत गेलं, आणि त्यातलं एक बटण चार वर्षं झाली दाबलं की वर येत नाही. मशीनला उकडू नये म्हणून खोलीत गारवा करणारी पेटी बसवली. माणसांना उकडलं तर चालत होतं. धूळ नको म्हणून चपला बाहेर. त्यामुळं आत येणारा प्रत्येक माणूस आपोआप मान खाली घालून, हात जोडल्यासारखे पोटावर ठेवून यायचा, आणि नृसिंह, या देवळाचा पुजारी, सगळ्यांच्या भेगाळलेल्या पायांची मोजे-रहित दैन्यावस्था बघत मनात एकेकाची किंमत करायचा. गाढवं, तो म्हणायचा. सगळी. माणसं आणि म्हशी यांच्यात निदान म्हशीला तरी बिल्ला हाय.

पद्मजा पुण्याहून सहा महिन्यांचा कोर्स करून आली होती. दोन वेण्या, डबा, आणि प्रश्न विचारायची खोड. आल्या-आल्या तिनं विचारलं होतं, इतका वेळ का लागतो, सर? नृसिंहनं आकाशाकडं बोट दाखवून सांगितलं होतं की लाखभर म्हशी आहेत बाई, मशीनलाही धापा लागतात. ते तिला पटलं नाही. पटेपर्यंत तिनं सोडलं नाही, आणि आठवडाभर खोलीत बसून जे केलं ते आता ती त्याला चेहरा उजळून सांगत होती. म्हणजे मशीन आजवर काय करत होतं, तर पहिल्या म्हशीपाशी जायचं, तू करवीरची का म्हणून विचारायचं, ती नाही म्हणाली की दुसरीपाशी. अशा जिल्ह्यातल्या सगळ्या म्हशींच्या कानांत वाकून विचारून झालं की मग सांगायचं करवीरच्या किती. प्रत्येक वेळी. चंदगड विचारलं तरी पहिल्यापासनं सगळ्या. तिनं तालुक्यांची एक सूची करून मशीनला दिली होती. आता ते बाकीच्यांना शिवतच नाही, थेट करवीरच्या गोठ्यात शिरतं, तेवढ्याच मोजतं आणि गोठा संपला की थांबतं. इतकं सोपं. नृसिंह मान डोलावत होता आणि आत कुणीतरी त्याच्या मांडीखालची गादी काढून घेत होतं. हे त्याला चार वर्षांत सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं नव्हतंच, पण सुचू नये याची त्यानं नीट काळजी घेतली होती. संथ मशीन ही त्याची इस्टेट होती. दुसऱ्या माणसांना वाडवडिलांकडनं रान मिळतं, ह्याला हा वेळ मिळाला होता. मोजणी चालू असली की चेअरमनलाही थांबावं लागे, दिल्लीलाही थांबावं लागे, आणि त्या थांबण्याची किल्ली नृसिंहच्या खिशात असे.

किल्लीशिवाय खिशात आणखी एक गोष्ट होती, ती आता मांडीला टोचायला लागली. बाकीचे तालुके तो खरंच मोजायचा, कारण तिथले सेक्रेटरी रोज शाहूपुरीत येऊन डोक्यावर बसत. चंदगड लांब. कायम भिजलेला, भात-काजूचा, डोंगरातला तालुका; एस.टी.त निम्मा दिवस हादरत आकड्यावर भांडायला कोण येतंय तिथनं? पहिल्या वर्षी त्यानं प्रामाणिकपणे चंदगड लावलं होतं. दोनदा वीज गेली, दोनदा पहिल्यापासनं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा अण्णासो दारात, बाहेर छापखान्याचा माणूस अहवालासाठी सायकल धरून उभा. अण्णासोंनी विचारलं, चंदगडच्या किती? आणि अंधारात, गार पेटी बंद पडून खोली तापायला लागलेली असताना, नृसिंहच्या तोंडातून आकडा बाहेर पडला. बारा हजार चारशे बत्तीस. इतका सहज, की त्याचा त्यालाच विश्वास बसला. अण्णासोंनी मान हलवली, छापखान्याच्या माणसानं लिहून घेतलं, आणि आभाळ जागच्या जागी राहिलं. पुढच्या वर्षी त्यानं मशीन लावायचं नाटक केलं, खाली जाऊन तासभर बसला आणि वर येऊन म्हणाला, तेरा हजार चारशे बत्तीस. गेल्या वर्षी चौदा हजार चारशे बत्तीस. शेपूट तेच. एवढा जिल्हा, एवढे संचालक, एवढे पदवीधर. तीन अहवाल छापले, वाटले, वाचले, सभेत हात वर करून मंजूर केले, आणि म्हशी दर वर्षी बरोबर हजारानं वाढतात आणि शेपूट हलत नाही हे एकाच्याही ध्यानात येऊ नये? अहवाल हातात घेऊन पानसुपारी खाणाऱ्या त्या सगळ्या टोप्यांकडं बघताना नृसिंहला गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. कोल्हापुरात राहून कुस्ती न खेळता सगळ्या गावाला चीत केलेला तो एकटाच माणूस होता, आणि वाईट एवढंच, की हे कुणाला सांगता येत नव्हतं.

"चंदगड बघूया का सर?" पद्मजा म्हणाली. "अहवालातल्या आकड्याशी ताडून. म्हणजे माझं काही चुकलं असेल तर कळेल."

नृसिंहनं चप्पल काढली, सावकाश आत आला आणि वडीलकीचा आवाज लावला. असं एकटं-दुकटं करू नको म्हणाला. चेअरमनसाहेबांसमोर कर, तुझं कौतुक व्हायला हवं. चेअरमन महिन्याच्या अखेरीशिवाय या खोलीत पाय ठेवत नाहीत असा त्याचा हिशेब होता. तोवर काहीतरी होईल, वीज जाईल, पोरीचं लग्न ठरेल. तेवढ्यात कपाटामागची खुर्ची करकरली. अण्णासो सकाळची मीटिंग संपवून गारव्याला येऊन पडले होते, आणि अर्ध्या झोपेतही त्यांच्या कानानं 'कौतुक' हा शब्द बरोबर उचलला होता.

"कुनाचं कौतुक हाय?" ते जांभई देत म्हणाले. आणि ऐकून घेतल्यावर, "मग दुपारी दिल्लीचा सायब येतोय की. त्येच्यासमोरच करूया. चंदगडच्याच आकड्यासाठी येतोय त्यो. दाखवा त्येला, आमचं मशीन कसं धावतंय ते."

नृसिंहनं या वेळी दोन्ही चपला घातल्या आणि खाली उतरला. मागं मोजणी चालू नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो काहीही न लावता बाहेर पडला होता, आणि हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

रस्त्यावर गुळाचा सीझन होता. वास असा, की जीभ बाहेर काढली तर गोड लागेल; गुळाच्या रव्यांवर, ढेपांवर, गांधीलमाश्या घोंगावताहेत, अडत दुकानांपुढं बैलगाड्या आणि ट्रक एकमेकांत अडकलेत, आणि जो तो दुसऱ्याच्या आईची चौकशी करतोय. नृसिंहनं नेहमीच्या ठिकाणी चहा मागवला आणि तो निवू दिला. चंदगडच्या खऱ्या म्हशी किती असतील? नऊ हजार? सहा? त्याला कसलीच कल्पना नव्हती, आणि इतक्या वर्षांत विचारावंसंही वाटलं नव्हतं. गेल्या शनिवारी, पद्मजा सूची लावत होती त्याच आठवड्यात, ती जेवायला गेल्यावर तो एकटा खोलीत होता. 'चंदगड' लिहून झालं होतं, शेवटच्या बटणावर बोट होतं. दाबलं नाही. जाऊन चहा पिऊन आला. त्याच्या आकड्यावर चंदगडला पेंडीची पोती जात होती. त्याच्या आकड्यावर डॉक्टरची जीप गेली होती, जनावरांचा दवाखाना उभा राहिला होता, पत्र्याचा नाही, स्लॅबचा. आता दिल्लीचा साहेब त्याच आकड्यावर आणखी काहीतरी द्यायला येत होता. दुपारी पडद्यावर सहा हजार उगवले की सगळे आधी अण्णासोंकडं बघतील. अण्णासोंची मान वाचवायला मग एक मान लागेल, आणि ती कुणाची याला सूची लावायची गरज नव्हती. संघानं राहायला दिलेली खोली सोडावी लागेल. विमला, त्याची बायको, मंगळवार पेठेत माहेरी जाऊन बसेल आणि तिच्या भावांना शेवटी बोलायला सापडेल. हाच तो सुपरवायझर नृसिंह, आकड्यांच्या थापा मारणारा. हे सगळं त्यानं एकेक करून मनात मांडून बघितलं, आणि आश्चर्य म्हणजे भीती वाटत होती ती याची नव्हतीच. भीती ही होती की आकडा खोटा निघाल्यावर तो कुठनं आणला असं कुणीतरी विचारील.

समोरच्या अडत दुकानात हमाल रवे उतरवत होता आणि मोठ्यानं मोजत होता. लाभ, दोन, तीन, चार. एक कुणी म्हणत नाही; पहिल्याला लाभच. नृसिंहचा बाप, ज्याला तो दादा म्हणायचा, याच ओळीत मोजायचा. दंडाला पितळी बिल्ला बांधलेला, त्यावर आकडा कोरलेला, चारशे बत्तीस. दादा ट्रकच्या तोंडाशी उभा राहून रवा पुढं देताना ओरडायचा, आणि आत पेढीवर बसलेला दिवाणजी तोच आकडा परत ओरडायचा. इकडनं सव्वीस, तिकडनं सव्वीस. मोजणी म्हणजे एवढंच. दोन आवाज जुळले की खरं. नृसिंह तेव्हा पायरीवर बसून भाकरी खात असे. एकदा कंटाळून, काहीच कारण नसताना, पस्तिसाव्या रव्याला तो दादाच्याच आवाजात ओरडला, अठ्ठेचाळीस. दादाचा दम लागलेला, डोळ्यांवर घाम. त्यानं पुढचा रवा दिला आणि म्हणाला, एकोणपन्नास. आतनं दिवाणजी म्हणाला, एकोणपन्नास. भाकरीचा घास तोंडात तसाच. आता काहीतरी होईल म्हणून पोर थांबलं. काहीच झालं नाही. माल भरला, दलालानं पान खाल्लं, ट्रक गेला. त्या दिवशी त्या पायरीवर नृसिंहला जगाचं जे गुपित कळलं ते तो आजवर जपत आला होता: वर बसलेला माणूस आणि खाली राबणारा माणूस, दोघंही मोजत नसतात, एकमेकांचा आवाज ऐकत असतात. मधे जो ओरडतो तो खरा. तेव्हापासून लोकांविषयी त्याला दया अशी कधी आली नाही. हसू आलं.

दादा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी तोलाईच्या हपिसातनं माणूस आला होता. बसला, पाणी प्याला, चांगलं बोलला, आणि जाताना बिल्ला मागितला. मेला की बिल्ला परत. आईनं फडताळातनं काढून दिला, पदरानं पुसून. पुढच्या आठवड्यात नृसिंहनं तो बिल्ला बाजारात दुसऱ्याच दंडावर बघितला. तो माणूस दणकट होता आणि गात होता. नृसिंह त्याच्यामागनं दोन पेठा चालत गेला होता, बिल्ल्याकडं बघत, कशासाठी ते आजही सांगता आलं नसतं. चहावर साय धरली होती. त्यानं ती बोटानं काढली, बाकड्याच्या कडेला पुसली आणि तोंड न लावताच उठला. इतकं मऊ आपल्यात काही उरलं असेल हे त्याला पटेना, आणि पटलं असतं तर त्याचीही त्यानं टिंगल केली असती.

दुपारी खोली माणसांनी भरली. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, त्यात दिल्लीच्या साहेबाचे चकचकीत बूट, आणि बुटांशेजारी चिखलानं तांबड्या पडलेल्या एका जोडीपाशी काजूची पाटी. चंदगडकडचा सेक्रेटरी जोतीराम आला होता. बारीक, काटक, ओठांवर कायम काहीतरी चाखत असल्यासारखा. त्यानं नृसिंहला वाकून नमस्कार केला आणि दाराशीच भिंतीला टेकून उभा राहिला. अण्णासोंनी दोन वाक्यं हिंदीत बोलून घेतली, ती दोन्ही चुकीची. दिल्लीचा साहेब घड्याळाकडं आणि गार पेटीकडं आळीपाळीनं बघत होता. पद्मजानं 'चंदगड' आणि 'जिवंत' लिहिलं. नृसिंह तिच्या मागं उभा होता. नेहमीप्रमाणं त्याचं अंग आपोआप दाराकडं वळलं. बटण दाबलं की बाहेर, ही पायांची समजूत. आता मधला वेळ नव्हता. एरवी त्या वेळात माणूस स्वतःला तयार करू शकला असता, एखादं कारण रचलं असतं, जिन्यावर घसरून पडला असता, चहा पिऊन थोडा वेगळा माणूस होऊन परत आला असता. तिनं बटण दाबलं. खोलीत कुणाचं तरी खोकणं अर्ध्यावर होतं आणि ते संपायच्या आत आकडा आला.

चौदा हजार चारशे बत्तीस.

नृसिंहनं तो एकदा वाचला. मग उजवीकडनं डावीकडं वाचला. पद्मजानं अहवालाचं पान शेजारी धरलं, बोट ठेवलं, आणि सुटकेचा श्वास सोडला. अण्णासोंनी दिल्लीच्या साहेबाच्या पाठीवर थाप मारली. साहेब म्हणाला, व्हेरी गुड, आणि बूट घालायला निघाला. खोलीतल्या एकाही माणसाला काहीच वाटलं नव्हतं.

"त्ये तर आमाला म्हाईतच हुतं," अण्णासो बाहेर पडताना पद्मजाला म्हणाले. "पर लौकर सांगितलंस. बरं झालं."

माणसं गेली, चपला गेल्या, तरी नृसिंह तिथंच. त्याच्या डोक्यात मोठं मोकळं मैदान झालं होतं आणि त्यात एकच आकडा चरत होता. दैव म्हणावं तर दैवावर त्याचा विश्वास नव्हता. योगायोगाला एवढं शेपूट नसतं. सुटलो, तो स्वतःला म्हणाला. नोकरी सुटली नाही, विमलाचे भाऊ गप्प बसतील. सुटल्यासारखं काहीच वाटेना. उलट, भर बाजारात कुणी आपल्या पाठीला कागद चिकटवलाय आणि सगळं गाव तो वाचतंय अशी खाज पाठीला सुटली. तो दाराशी आला. जोतीराम पायरीवर बसून काजूची पाटी सोडत होता. नृसिंहनं त्याला खालच्या आवाजात विचारलं, तुमच्याकडं म्हशी किती रे खरंच?

जोतीरामनं वर बघितलं नाही. "मशीन म्हंतंय तेवढ्या की."

खरं सांग, नृसिंह म्हणाला. त्याच्या आवाजात विनंती आली होती आणि ती त्याला स्वतःलाच ऐकू गेली. मग जोतीराम सांगायला लागला, काजू पाटीतनं पिशवीत ओतत, जसं कुणी पाहुण्याला गावाकडचं पीकपाणी सांगावं. पहिल्या साली अहवाल आला तवा तालुक्याची मीटिंग झाली. छापलेला आकडा आणि गावोगावच्या याद्या जुळंनात; म्हशी कमी भराय लागल्या. आता वरचा आकडा खोटा म्हणायचं, तर पेंड कमी व्हनार, जीप जानार. आणि वरच्याला खोटं म्हनायचं तरी कसं, मोठी माणसं. मग कमी पडलेल्या म्हशी गावोगावी वाटून घेतल्या. ज्याची एक, त्याच्या दोन. ज्याच्या गोठ्यात रेडा, त्याची म्हैस. मालकांची नावं संपली तवा रवळनाथाच्या नावावर लिहिल्या, देवाच्या नावावर चाळीसभर जनावरं हाईत, गुरव म्हणतो दूध कवा मिळनार. इथनं बिल्ले मागवले, तुम्हीच पाठवलासा, मशीनमधी त्येंच्या ओळीबी हितंच चढल्या. दुसऱ्या साली हजार वाढलं. त्येबी भरलं.

"आन् शेपूट?" नृसिंहनं विचारलं.

जोतीरामनं आता वर बघितलं, आणि त्याच्या ओठांवर जे काहीतरी होतं ते पहिल्यांदा गिळलं. "त्ये तर पयल्यापासनंच कळलंय आमाला, सायब. पोरंसुदिक म्हंत्यात, औंदा पंधरा हजार चारशे बत्तीस. यादी आदीच करून ठिवलीया." त्यानं पिशवीचं तोंड बांधलं आणि नृसिंहच्या हातात दिली. "वरनं आवाज आला, आमी खालनं तसाच दिला. तुमी टाकलेला आकडा पडू दिला न्हाय कवा. खावा काजू. वैनीस्नी द्या."

मग तो एस.टी.ला उशीर होईल म्हणून गेला. नृसिंह पिशवी धरून उभा. तीन वर्षं. तीन वर्षं त्या भिजलेल्या डोंगरांत, कंदिलाच्या उजेडात, घोंगडी पांघरून बसलेली माणसं त्याच्या आकड्याला हसत होती, हसत-हसत म्हशी लिहीत होती, आणि मीटिंग संपल्यावर एकमेकांना टाळी देत होती. आणि इथं हा, गार खोलीत, आपण एकटेच शहाणे म्हणून अंगावर रोमांच आणून घेत होता. मधे ओरडणारा तो नव्हता. तो ट्रकच्या तोंडाशी घाम पुसणारा होता. छत्तीस म्हणायच्या ऐवजी एकोणपन्नास म्हणणारा. आणि तेव्हा त्याला पहिल्यांदाच वाटून गेलं, की दादाला कळलं असेल. पायरीवरनं आलेला आवाज स्वतःचा नाही हे बापाला कळू नये? कळलं असेल, आणि पोराचा आकडा पडू नये म्हणून त्यानं तो तसाच उचलला असेल. हा विचार इतका गोड होता की नृसिंहला त्याची घाण वाटली. त्यानं पिशवीतला एक काजू काढून चावला. तोही गोडच निघाला.

पद्मजा डबा आवरत होती. ती म्हणाली की सर, तुम्ही इतकी वर्षं इतक्या संथ मशीनवर एवढं अचूक काम केलंत, मला खरंच वाटलं नव्हतं. नृसिंहनं तिच्या दोन वेण्यांकडं बघितलं आणि एखादी चांगली, झोंबणारी थट्टा शोधली, सापडली नाही. तिला म्हणाला, जा तू, मी बंद करतो. ती गेली. फडताळातले खण तो बघत राहिला. पन्हाळा, कागल, करवीर, सगळीकडं मेलेल्यांचे बिल्ले ओसंडताहेत. चंदगडच्या खणात साखरेची बरणी, तिच्यावर मुंग्यांची ओळ, आणि ही बरणी तिथं का आहे हे त्याला, जिल्ह्यातल्या सगळ्यात हुशार माणसाला, आज कळत होतं. तरीही बघायला हवं होतं. तो मशीनसमोर बसला. अडकणारं बटण नखानं उचकटत लिहिलं, चंदगड. मग 'जिवंत'च्या जागी लिहिलं, मयत. बटण दाबलं आणि उठला, चपला घालायला, खाली जायला, थोडा वेळ कुठंतरी काढून यायला.

शून्य.

चंदगडात एकही म्हैस मेली नव्हती. पहिला अहवाल छापल्यापासनं एकही नाही. साथी आल्या, दरडी कोसळल्या, म्हशी म्हाताऱ्या झाल्या असतील, आडव्या पडल्या असतील, कावळे आले असतील. पण आकडा घसरू नये म्हणून एकीच्याही कानातला बिल्ला कुणी काढून परत दिला नव्हता. नृसिंहचे दोन्ही पाय अजून गार फरशीवर होते, चपला चार पावलांवर, आणि हिरवा ठिपका लुकलुकत होता, पुढचं बोला म्हणून.